घरबांधणीत सळयांना गंजरोधक लेप द्यावा का?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. वडोदऱ्याच्या भायली भागात आपण तळमजला आणि त्यावर दोन मजले असे घर बांधायला घेतले आहे. कंत्राटदाराने इपॉक्सीचा लेप दिलेल्या हिरव्या सळया वापरण्याचा आग्रह धरला आहे. भरूचला कारखान्यात असलेले आपले मेहुणे म्हणतात की लेपच द्यायचा तर तो जस्ताचा द्यावा. सळया बांधणाऱ्या फिटरचे म्हणणे असे की सिमेंटच्या घोळात सळया बुचकळून काढल्या की काम भागते. दांडिया बाजारातल्या आपल्या वडिलांच्या घराच्या स्लॅबचे पोपडे पस्तीस वर्षांतच पडू लागले आणि आतल्या सळया गंजून फुगलेल्या दिसल्या, त्यामुळे नव्या घराविषयी आपल्या मनात धास्ती आहे. शिवाय आपण आधीच विकत घेतलेल्या सळया एक पावसाळा उघड्यावर पडून तांबूस झाल्या आहेत, त्यांचे काय करावे हेही आपण विचारले आहे.

उत्तर आधीच सांगून टाकतो. आपण दिलेल्या वर्णनावरून या घराच्या सळयांना तिन्हींपैकी कोणताही लेप देण्याचे कारण मला दिसत नाही. लेपावर जो जादा खर्च होणार आहे तो कव्हर ब्लॉक (सळई आणि काँक्रीटचा पृष्ठभाग यांतले अंतर, म्हणजे कव्हर, राखणारे ठोकळे), पाण्याची तपासणी, मिश्रणातले पाणी मोजून घालणारा एक माणूस आणि पुरेसे दिवस क्युरिंग (काँक्रीट पाण्याने ओले ठेवणे) यांवर केला, तर सळया कितीतरी अधिक वर्षे सुरक्षित राहतील. लेप वाईट असतात असे मला म्हणायचे नाही. नंदेसरीकडच्या रासायनिक कारखान्यांच्या कामांत आणि जंबुसरच्या खाऱ्या पट्ट्यात मी स्वतः ते सुचवले आहेत. परंतु लेप ही एका ठरावीक शत्रूविरुद्धची तजवीज आहे, आणि आपल्या घराचा शत्रू निराळा आहे. तो न ओळखता लेप देणे म्हणजे आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, असा प्रकार होईल.

चांगल्या काँक्रीटमध्ये पुरलेली सळई मुळात गंजत नाही, ही गोष्ट लेपाच्या चर्चेत नेहमी मागे पडते. सिमेंट आणि पाणी यांच्या संयोगातून कॅल्शियम हायड्रॉक्साइड, म्हणजे साध्या भाषेत विरलेला चुना, तयार होतो. तो आणि सिमेंटमधल्या सोडियम-पोटॅशियमच्या अल्कली यांमुळे काँक्रीटच्या बारीक छिद्रांतल्या पाण्याचा पीएच, म्हणजे अल्कधर्मीपणाचा आकडा, १२.५ ते १३.५ इतका राहतो. इतक्या अल्कधर्मी वातावरणात लोखंडाच्या पृष्ठभागावर ऑक्साइडचा एक अतिसूक्ष्म, अवघ्या काही नॅनोमीटर जाडीचा पापुद्रा धरतो आणि तो धरला की पुढची झीज जवळजवळ थांबते. हा पापुद्रा ओरखडला तरी वातावरण अल्कधर्मी असेपर्यंत आपोआप पुन्हा भरून येतो. कारखान्यात दिलेल्या इपॉक्सीला हे करता येत नाही, आणि जस्तालाही मर्यादितच साधते. म्हणून निसर्गाने फुकट दिलेला हा पहिला लेप शाबूत कसा ठेवायचा, तेथूनच विचार सुरू करावा.

तो पापुद्रा दोन कारणांनी मोडतो. पहिले कारण कार्बोनेशन. हवेतला कार्बन डायऑक्साइड छिद्रांतून आत शिरतो, चुन्याशी संयोग पावून त्याचे कॅल्शियम कार्बोनेट करतो, आणि पीएच ९ च्या आसपास किंवा त्याखाली उतरतो. ही कमी अल्कधर्मी सीमा पृष्ठभागापासून हळूहळू आत सरकत जाते आणि सळईपर्यंत पोहोचली की सळईच्या बऱ्याच मोठ्या भागावरचे कवच एकदमच नाहीसे होते. दुसरे कारण क्लोराइड, म्हणजे मीठ. त्याला पीएच उतरण्याची वाट पाहावी लागत नाही. पुरेसे क्लोराइड सळईपाशी जमले की ते पापुद्र्याला एखाद्याच ठिकाणी भोक पाडते, आणि त्या जागी खोल खड्डा पडू लागतो. कार्बोनेशनचा गंज पसरट असतो. तो फुगतो, काँक्रीटला भेगा पाडतो आणि त्यामुळे वेळीच दिसतो, कारण गंज मूळ लोखंडाच्या दोन ते सहा पट जागा व्यापतो. क्लोराइडचा गंज मात्र बाहेर काही दिसण्याआधीच सळई कापत नेऊ शकतो. ताण देऊन काँक्रीटमध्ये बसवलेल्या पोलादी तारांच्या बाबतीत तर हे फारच घातक ठरते. पणजीचा मांडवी पूल ५ जुलै १९८६ रोजी कोसळला, तेव्हा अशाच गंजलेल्या केबलींचा प्रश्न ऐरणीवर आला होता.

आता वडोदऱ्याकडे येऊ. खंबातच्या आखातापासून शहर बरेच आत आहे, खारा वारा येथे पोहोचत नाही आणि समुद्राच्या लाटा तर नाहीतच. येथील सर्वसाधारण घराचा शत्रू कार्बोनेशन हा आहे, आणि आपले हवामान त्याला दोन्ही हातांनी मदत करते. काँक्रीट पूर्ण कोरडे असेल तर कार्बोनेशन मंदावते, पाण्याने तुडुंब भरले असेल तर वायू आत शिरतच नाही. मध्यम दमटपणा, सुमारे ५० ते ७० टक्के सापेक्ष आर्द्रता, त्याला सर्वांत मानवते. आपल्याकडे दिवाळीपासून होळीपलीकडेपर्यंत काँक्रीट वाळत राहते आणि कार्बोनेशनची सीमा आत सरकते; मग पावसाळा येतो आणि गंज चढायला लागणारे पाणी पुरवतो. दांडिया बाजारच्या घरात बहुधा हेच घडले आहे, फक्त तेथे पाणी पावसाचे नसून वरच्या मजल्यावरच्या न्हाणीघराचे असावे. जुन्या वस्तीतल्या अशा कित्येक घरांचे छत मी खालून ठोकून पाहिले आहे. न्हाणीघराखाली स्लॅब पोकळ वाजतो आणि त्याच स्लॅबचा दिवाणखान्यावरचा भाग धडधाकट असतो. सळया त्याच, सिमेंट तेच, मिस्त्रीही तोच. फरक फक्त ओलीचा. त्या काळी वापरात असलेल्या पीळ दिलेल्या टॉर सळयांचाही त्यात वाटा असतो, कारण थंड अवस्थेत पिळल्यामुळे त्यांच्या पृष्ठभागात ताण साठलेला असे आणि त्या लवकर गंज धरत.

(येथे एक सवयीचा युक्तिवाद निकालात काढतो. गायकवाडी काळातल्या इमारती शंभर-सव्वाशे वर्षे उभ्या आहेत, मग आजच्याच का गळतात, असे मला नेहमी विचारले जाते. १८९० मध्ये पूर्ण झालेला लक्ष्मी विलास राजवाडा प्रामुख्याने दगड, वीट आणि चुना यांचा आहे. काँक्रीटमध्ये पुरलेल्या सळयांच्या भरवशावर तो उभाच नाही, तेव्हा ती तुलना या प्रश्नात कामाची नाही.)

कार्बोनेशनची चाल काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असते, आणि या एका वाक्यात आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर आहे. खोली मिलिमीटरमध्ये मोजली तर ती म्हणजे एक गुणांक गुणिले वर्षांचे वर्गमूळ. मध्यम प्रतीच्या काँक्रीटसाठी हा गुणांक ४ धरला, तर १५ मिलिमीटरचे कव्हर साधारण १४ वर्षांत पार होते, २० मिलिमीटरचे २५ वर्षांत, ३० मिलिमीटरचे ५६ वर्षांत आणि ४० मिलिमीटरचे १०० वर्षांत. कव्हर दुप्पट केले की मुदत चौपट होते. हाच हिशेब उलटाही चालतो: पाणी जास्त घालून आणि क्युरिंग दोन दिवसांत आटपून काँक्रीट इतके सच्छिद्र केले की गुणांक ८ झाला, तर २० मिलिमीटरचे कव्हर सहा-सव्वासहा वर्षांतच निकामी होते. हे आकडे प्रत्येक इमारतीत तंतोतंत उतरत नाहीत, पण प्रमाण खरे आहे. सळई सेंट्रिंगच्या, म्हणजे काँक्रीट भरायच्या साच्याच्या, प्लायला टेकलेली असेल, तर तेथे कव्हर शून्य असते आणि कोणतीही मुदत नसते. आपल्या कामावर फिटर कव्हर ब्लॉकच्या जागी कपचीचा तुकडा सळईखाली सरकवताना दिसला, तर त्याला तेथेच थांबवा. काँक्रीट थरथरवून घट्ट बसवणारा व्हायब्रेटर लागताच तो तुकडा निसटतो, आणि सळई खाली बसल्याचे त्यानंतर कोणालाही कळत नाही.

आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाच्या २००० सालच्या आवृत्तीत परिसराचे पाच वर्ग केले आहेत. आपल्या घराचे आतले भाग सौम्य वर्गात मोडतात आणि पावसात भिजणारे बाहेरचे भाग मध्यम वर्गात. सौम्य वर्गाला किमान एम २० (ही काँक्रीटच्या ताकदीची प्रत) आणि २० मिलिमीटर कव्हर, मध्यम वर्गाला किमान एम २५ आणि ३० मिलिमीटर कव्हर सांगितले आहे. मध्यम वर्गात पाणी-सिमेंट गुणोत्तर ०.५० च्या वर जाऊ नये. कॉलमला साधारणतः ४० आणि पायाच्या फुटिंगला किमान ५० मिलिमीटर कव्हर ठेवावे लागते. माझा सल्ला असा की सगळ्या घराला एम २५ च वापरावे. ०.५० या गुणोत्तराचा व्यवहारातला अर्थ असा की ५० किलोच्या एका गोणीला एकूण २५ लिटर पाणी, आणि त्यात ओल्या वाळूतले पाणीही धरायचे. कामावर मोजण्यासाठी खूण केलेली बादली ठेवा. स्लॅब भरताना मजूर ‘थोडे पातळ करा’ म्हणतात, तेव्हा पाणी न वाढवता मिश्रण पातळ करणारे रसायन, म्हणजे प्लास्टिसायझर, वापरायला लावा. क्युरिंग साध्या सिमेंटला किमान सात दिवस आणि फ्लाय अॅश किंवा स्लॅगचे सिमेंट असल्यास किमान दहा दिवस, आणि उन्हाळ्याच्या कोरड्या वाऱ्यात त्याहूनही जास्त. गॅलरी आणि छज्ज्याच्या वरच्या सळयांखाली त्यांना उचलून धरणाऱ्या, सळईच्याच वाकवलेल्या खुर्च्या ठेवा. त्या सळया पायाखाली तुडवल्या गेल्या की कव्हर बिघडते, शिवाय गॅलरीच धोक्यात येते, आणि दुसरा धोका गंजापेक्षा मोठा आहे.

पाण्याचा प्रश्न मात्र आपण हलका समजू नये, कारण येथे क्लोराइड मागच्या दाराने आत येते. शहराच्या पश्चिमेला आणि दक्षिणेला, पादऱ्यापासून पुढे, बोअरचे पाणी ठिकठिकाणी मचूळ लागते. आयएस ४५६ प्रमाणे सळयांच्या काँक्रीटसाठी पाण्यात प्रति लिटर ५०० मिलिग्रॅमपेक्षा अधिक क्लोराइड चालत नाही, आणि एक घनमीटर काँक्रीटमध्ये सिमेंट, वाळू, खडी, पाणी आणि रसायने सर्व मिळून ०.६ किलोपेक्षा जास्त असता कामा नये. एका घनमीटरला १८० लिटर पाणी धरले, तर मर्यादेतले पाणी ९० ग्रॅम क्लोराइड आणते. हेच पाणी २००० मिलिग्रॅमचे असेल, तर ते एकटेच ३६० ग्रॅम आणते आणि एकूण मर्यादेचा निम्म्याहून अधिक वाटा खाऊन बसते. त्याच पाण्याने दिवसेंदिवस क्युरिंग केले की स्लॅबवर वाळलेल्या मिठाची पांढरी साय दिसते, ती आणखी निराळी. बोअरच्या पाण्याची क्लोराइड, सल्फेट आणि पीएच अशी तपासणी करून घ्या. खर्च किरकोळ आहे. पाणी नापास झाले तर मिश्रणासाठी आणि क्युरिंगसाठीही टँकर मागवा. ओरसंग नदीच्या बोडेलीकडच्या वाळूत मिठाची भीती नसते. तिच्यात माती किती आहे तेवढे पाहावे.

आता इपॉक्सीच्या सळया. या विषयावर मी थोडा रेंगाळणार आहे, कारण कंत्राटदाराला आपल्याला त्याच विकायच्या आहेत. चांगल्या कारखान्यात सळई प्रथम वाळूसारख्या कठीण कणांच्या माऱ्याने चकचकीत स्वच्छ करतात, मग २३० अंशांच्या आसपास तापवतात आणि तिच्यावर विद्युतभारित इपॉक्सीची भुकटी फवारतात. भुकटी वितळून सळईला चिकटते आणि एकसंध थर होतो. आयएस १३६२० या मानकात ही प्रक्रिया आणि तिच्या चाचण्या दिल्या आहेत. थर ०.१ ते ०.३ मिलिमीटर, म्हणजे माणसाच्या दोन-तीन केसांइतका जाड असतो. तो पाणी, ऑक्सिजन आणि क्लोराइड यांना सळईपासून दूर ठेवतो. त्याचे काम एवढेच. खाली लोखंड जसे होते तसेच आहे. थर मोडला तर त्या जागी त्याला कोणतीही मदत मिळत नाही.

सगळी मेख या मोडण्यात आहे. अशा सळया नायलॉनच्या पट्ट्यांनी उचलाव्या लागतात, लोखंडी साखळीने नव्हे. त्या वाकवण्याच्या यंत्राच्या खुंट्यांवर नायलॉनची टोपणे लागतात, बांधायला प्लास्टिक चढवलेली तार लागते, कापलेल्या प्रत्येक टोकाला आणि प्रत्येक ओरखड्याला दोन घटकांच्या इपॉक्सीचा हात द्यावा लागतो, व्हायब्रेटरच्या सुईला रबरी टोपी लागते, आणि साठवण महिना-दोन महिन्यांहून लांबणार असेल तर उन्हापासून झाकाव्या लागतात, कारण अतिनील किरणांनी इपॉक्सी ठिसूळ होते. यातल्या एकाही गोष्टीची सवय आपल्याकडच्या घरांच्या कामावर नाही. काही वर्षांपूर्वी एका कारखान्याच्या टाकीच्या कामावर हिरव्या सळयांचा ट्रक माझ्यासमोर आला. चालकाने मागची फळी पाडून सळया सरळ जमिनीवर ओतल्या, आणि मग चार मजुरांनी त्या कपचीवरून फरफटत नेल्या. मी एका सळईचा एक मीटर भाग घेऊन त्यावरचे उघडे पडलेले डाग खडूने खुणावले, तेव्हा बाराव्या खुणेला थांबलो. मानके साध्या डोळ्यांना दिसणारे नुकसान पृष्ठभागाच्या एखाद-दोन टक्क्यांच्या आत ठेवायला सांगतात, आणि न दिसणारी टाचणीएवढी छिद्रे विजेच्या उपकरणाने शोधून मोजायला लावतात. त्या कामावर ते उपकरण कोणी पाहिलेलेच नव्हते. तो माल मी परत पाठवला.

ओरखडलेला लेप काही ठिकाणी लेप नसण्याहून वाईट ठरू शकतो, आणि त्यामागे विजेचे गणित आहे. गंज चढताना सळईचा एक भाग धनाग्र होतो आणि झिजतो, दुसरा ऋणाग्र होऊन ऑक्सिजन खातो. लेपात लहानसे भोक पडले, ती सळई तारेने किंवा स्पर्शाने साध्या सळयांच्या मोठ्या जाळ्याला जोडलेली आहे, आणि क्लोराइड त्या भोकापाशी पोहोचले, तर सगळ्या जाळ्याची ताकद त्या एका टिंबावर एकवटते. म्हणून अर्धे काम हिरव्या आणि अर्धे साध्या सळयांत करणे हा सर्वांत चुकीचा पर्याय आहे. आपल्या कंत्राटदाराने ‘फक्त कॉलमला हिरव्या वापरू’ असे म्हटले असेल, तर हे त्याला सांगा.

अनुभवाचा इतिहासही असाच संमिश्र आहे. अशा सळया पहिल्यांदा १९७३ मध्ये अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या एका पुलाच्या पृष्ठभागात घातल्या गेल्या, कारण तेथे हिवाळ्यात बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यावर मीठ टाकतात. त्या प्रकारच्या पुलांमध्ये त्यांनी साध्या सळयांपेक्षा बरीच चांगली साथ दिली. उलट फ्लोरिडाच्या दक्षिणेकडच्या बेटांना जोडणाऱ्या लाँग की पुलाच्या खांबांत १९८६ मध्ये, पूल बांधून दशकही उलटले नसताना, लेपाखाली गंज सापडला. तेथे खांब समुद्राच्या पाण्याने सतत ओले होत, हवा उष्ण होती आणि लेप ओलाव्याने सळईपासून सुटत गेला. म्हणजे जेथे लेपाची सर्वांत जास्त गरज होती, तेथेच तो सर्वांत कमी टिकला. फ्लोरिडाने पुढे त्याचा वापर सोडून दिला.

आणखी एक तोटा आपल्या डिझाइनरला विचारा. इपॉक्सी गुळगुळीत असल्याने काँक्रीटची पकड कमी होते, म्हणून सळयांचे लॅप, म्हणजे जोडावर दोन सळया एकमेकींशेजारी पुढे नेलेली लांबी, वाढवावे लागतात. अमेरिकी मानकात ही वाढ परिस्थितीनुसार १.२ ते १.५ पट आहे. नकाशात साध्या सळयांचे लॅप आणि कामावर हिरव्या सळया, असा मेळ मी दोनदा पाहिला आहे. शिवाय पुढे केव्हा गंजाची शंका आली, तर सळईचा विद्युतदाब मोजून गंजाचा अंदाज देणारी अर्ध-घटाच्या विभवाची जी चाचणी आपण एरवी सहज करतो, ती लेप दिलेल्या, एकमेकींपासून विजेच्या दृष्टीने तुटलेल्या सळयांवर विश्वासाने वाचता येत नाही.

मेहुण्यांचे म्हणणे यापेक्षा अधिक विचार करण्याजोगे आहे. जस्त वितळवून त्यात बुडवलेल्या सळईवरचा थर साधारण ८५ मायक्रॉनचा धरला, तर त्यात प्रति चौरस मीटर ६०० ग्रॅमच्या आसपास जस्त असते. हा थर लोखंडाशी मिश्रधातूच्या रूपाने जोडलेला असल्यामुळे ओढाताण सहन करतो, आणि ओरखडा पडला तर शेजारचे जस्त आधी झिजून उघड्या लोखंडाला वाचवते. ओल्या काँक्रीटमध्ये जस्त सुरुवातीला थोडे विरघळते, हायड्रोजनचे बुडबुडे निघतात, आणि मग कॅल्शियमयुक्त जस्ताच्या संयुगाचा थर धरून ते शांत होते. क्लोराइडचा मारा ते साध्या लोखंडापेक्षा साधारण दुपटीहून अधिक सहन करते. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे हे की कार्बोनेशन झालेल्या काँक्रीटमध्येही जस्त फार सावकाश झिजते, म्हणजे आपल्या खऱ्या शत्रूवर लागू पडणारा लेप हाच आहे. तरीही संपूर्ण घराला तो देणे मला उधळपट्टी वाटते. इमारतीच्या दर्शनी भागात काँक्रीटच्या पातळ उभ्या पट्ट्या किंवा जाळ्या असतील, जेथे २५ मिलिमीटरपेक्षा अधिक कव्हर बसतच नाही, तेथील सळया जस्ताच्या घ्याव्यात. मात्र त्या आधी वाकवून मग जस्तात बुडवाव्यात, शक्य तेवढ्या साध्या सळयांना टेकू देऊ नयेत, आणि बांधायला तारही जस्ताचीच वापरावी. आयएस १२५९४ हे त्याचे मानक आहे. पुरवठादाराकडे त्याप्रमाणे थराच्या जाडीचा दाखला मागा.

फिटर म्हणतो तो सिमेंटचा घोळ म्हणजे एका चांगल्या पद्धतीची उरलेली सावली आहे. तमिळनाडूत कराईकुडी येथे केंद्रीय विद्युत-रासायनिक संशोधन संस्था आहे. तेथे विकसित झालेल्या पद्धतीत सळई आम्लाने गंजमुक्त करून, फॉस्फेटचा थर देऊन, गंजरोधक द्रावण लावून, मग त्याच गंजरोधकाने युक्त सिमेंटचा लेप थरांनी चढवून वाळवतात. आयएस ९०७७ मध्ये अशा संरक्षणाची रीत सांगितली आहे. काळजीपूर्वक केली तर ती उपयोगाची आहे. परंतु साध्या सिमेंटच्या पाण्यात बुचकळलेली सळई उन्हात वाळते, त्या सिमेंटला मुरायला पाणी मिळत नाही, आणि सळईवर एक भुसभुशीत पावडर उरते. ती पकडही कमी करते आणि संरक्षणही देत नाही. त्याहून वाईट म्हणजे लाल ऑक्साइडचा रंग. आयएस ४५६ सळईवर रंग, तेल, चिखल अशी पकड घालवणारी कोणतीही गोष्ट चालवून घेत नाही. ब्रशने लावायच्या ‘गंज उतरवणाऱ्या’ आम्लयुक्त रसायनांबाबतही सावध राहा, कारण ती धुऊन काढली नाहीत तर आत आम्ल उरते.

मग लेप कोठे द्यावा? जंबुसरच्या किनाऱ्यालगत, मीठ मुरलेल्या जमिनीत पाया असेल. रासायनिक कारखान्यात क्लोराइडयुक्त पाणी किंवा वाफ येत असेल. जलतरण तलावाचे काम असेल. तर त्याचा विचार जरूर करावा, पण घट्ट काँक्रीट आणि ५० ते ७५ मिलिमीटर कव्हर हे ठरवून झाल्यावर. खरोखर महत्त्वाच्या आणि पुन्हा हात घालता न येणाऱ्या भागासाठी मी हल्ली स्टेनलेस स्टीलच्या सळयांचा विचार करायला सांगतो. मेक्सिकोत प्रोग्रेसो येथील समुद्रातला धक्का १९४० च्या सुमारास स्टेनलेस सळया घालून बांधला गेला आणि समुद्रात उभा असूनही दीर्घकाळ सुस्थितीत राहिला. किंमत अनेक पटींनी जास्त पडते, पण ओरखडा पडला तरी तिच्या गुणात फरक पडत नाही.

दांडिया बाजारच्या स्लॅबची गोष्ट वेगळी आहे. तेथे लेपाला खरोखर काम आहे. प्रथम न्हाणीघराची गळती थांबवा. ती चालू असताना खालून केलेला कोणताही उपाय टिकणार नाही. मग काँक्रीट पोकळ वाजते तेथे आणि त्याच्या कडेने थोडे पुढेपर्यंत फोडावे, आणि सळईच्या मागेही दोन-अडीच सेंटिमीटर जागा मोकळी करावी. फोडलेल्या ताज्या पृष्ठभागावर फिनॉल्फ्थॅलीनचे द्रावण फवारले की अल्कधर्मी भाग गुलाबी होतो आणि कार्बोनेशन झालेला भाग रंगहीन राहतो. यावरून सीमा कोठवर आली आहे ते आपल्याला डोळ्यांनी दिसेल. सळई तारेच्या ब्रशने नव्हे, शक्य असल्यास कणांच्या माऱ्याने, धातू चमकेपर्यंत साफ करावी. व्यास कॅलिपरने मोजावा. आडव्या छेदाचा पाचवा हिस्सा किंवा त्याहून अधिक गेला असेल, तर शेजारी नवी सळई जोडल्याशिवाय पुढे जाऊ नये. त्यानंतर जस्तयुक्त इपॉक्सी प्रायमर किंवा पॉलिमरयुक्त सिमेंटचा लेप लावून पॉलिमरच्या मसाल्याने भरून काढावे. एक धोका लक्षात ठेवा. भरलेल्या जागेतली सळई आता सुरक्षित झाल्यामुळे तिच्या कडेला, जुन्या काँक्रीटमध्ये, गंज नव्याने सुरू होऊ शकतो, आणि दोन-तीन वर्षांनी दुरुस्तीच्या भोवती वर्तुळाकार पोपडे पडतात. ज्या काँक्रीटमध्ये क्लोराइड मुरले आहे, तेथे हे हमखास घडते. म्हणून दुरुस्तीआधी काँक्रीटचा नमुना क्लोराइडसाठी तपासून घ्या, आणि ते आढळल्यास कडेने जस्ताचे लहान बलिदानी धनाग्र, म्हणजे सळईऐवजी स्वतः झिजणारे तुकडे, पुरून घ्या.

शेवटी त्या तांबूस झालेल्या सळया. एका पावसाळ्यात टीएमटी, म्हणजे हल्ली सर्रास मिळणाऱ्या, सळईवर चढलेला पातळ, हाताला किंचित लागणारा तांबूस थर नुकसान करत नाही. उलट पकड थोडी वाढते. पापुद्रे निघत असतील तेथे तारेच्या ब्रशने किंवा खरखरीत गोणपाटाने घासून काढा. खड्डे पडलेत का ते पाहण्यासाठी सर्वांत वाईट दिसणाऱ्या दोन-तीन सळयांचे मीटरभर तुकडे कापून साफ करा आणि वजन करा. १२ मिलिमीटरच्या सळईचे वजन मीटरला सुमारे ०.८९ किलो असते, आणि सळयांचे मानक आयएस १७८६ त्या व्यासाला एकूण मालात ५ टक्क्यांपर्यंत फरक मान्य करते. तुकडे त्या हिशेबात बसले तर माल वापरा, आणि वापरेपर्यंत लाकडी ओंडक्यांवर, जमिनीपासून वर उचलून, झाकून ठेवा.